आधी पान उलटून बघा

*पत्र:* "मी इंदूरच्या एका शाळेत नववी ते अकरावीला जीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलं, पण तेव्हा आमच्या विभागात कॉम्प्युटर फक्त ऑफिसात असायचा. यंदा विज्ञान मंडळात 'काहीतरी नवं' घ्या असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय आणि बायोइन्फर्मेटिक्स (डीएनएसारखी जीवशास्त्रातली माहिती कॉम्प्युटरने तपासण्याचं शास्त्र) हे नाव त्यांनीच सुचवलं. वर्गातल्या एका मुलाची सांवेरकडे शेती आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचं सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा तो पानं पिशवीत घालून वर्गात घेऊन आला होता. सुरुवात तिथून करावी असं मनात आहे, पण कशी ते कळत नाही. शाळेत आठ कॉम्प्युटर आहेत, नेट लहरी आहे. आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवावी लागेल का? मुलांना फोटोवरून रोग ओळखणारं अ‍ॅप बनवायचंय. पालक विचारतात, नीटला याचा उपयोग काय. आणि माझी स्वतःची शंका अशी की हे खरं संशोधन होईल की प्रदर्शनापुरतं नाटक?"
एक शिक्षिका, इंदूर

ताई,

मुलगा पानं पिशवीत घालून वर्गात आला, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य. शाळांमधले असले उपक्रम बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतात. आधी कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी त्याला लावायला एखादा प्रश्न शोधायचा. तुमच्याकडे प्रश्न आपल्या पायांनी चालत आलाय. त्यालाच धरून राहा, दुसरा शोधू नका. एक पीक, एक रोग, एक विषाणू. वर्षभर तेवढं पुरून उरतं.

पायथनचं लगेच सांगून टाकते. सुरुवातीला नको. नववीच्या मुलांना कोड लिहायला बसवलं की पहिला महिना निसटलेले कंस आणि स्वल्पविराम शोधण्यात जातो आणि सोयाबीन राहतं बाजूला. ज्या कामासाठी कोड लागतो ते काम आधी हाताने करून कंटाळा यायला हवा. वीस-पंचवीस सीक्वेन्स (डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम) एकेक करून उतरवून घेतल्यावर कुणीतरी विचारणारच, "मॅडम, हे सगळं एकदम नाही का होत?" त्या दिवशी पायथन काढा. तोवर ब्राउझर, कागद आणि कात्री.

आता शेताकडे. पिवळं पडलेलं प्रत्येक सोयाबीन पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगाचं नसतं. माळव्याच्या काळ्या जमिनीत चार दिवस पाणी साचलं तरी पीक पिवळं पडतं. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून वर चढते. तणनाशकाचा फटका बसला असेल तर तो पट्ट्यापट्ट्याने दिसू शकतो. पिवळ्या मोझॅकमध्ये झगझगीत पिवळे, वेडेवाकडे चट्टे हिरव्यात मिसळलेले असतात, आणि सुरुवातीला शेत एकसारखं पिवळं न होता इथे एक झाड, तिथे दोन, असं दिसतं. मग पान उलटून बघायचं. खाली पांढरी माशी सापडण्याची बरीच शक्यता. बेमिसिया टॅबासी हे तिचं शास्त्रीय नाव. रोगट झाडाचा रस शोषताना ती विषाणू उचलते आणि पुढच्या झाडावर सोडते. शेजारी मूग-उडीद असतील तर ती तिकडेही जाते.

म्हणून पहिली फेरी शेतात, वहीसकट. प्रत्येक झाडासाठी तारीख, गाव, वाण (जेएस ३३५, जेएस ९५-६०, जो असेल तो, शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो), पेरणीला किती दिवस झाले, शेजारच्या शेतात काय आहे, आणि तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. रोगट झाडं जितकी, तितकीच निरोगी झाडं. ही शेवटची अट मुलांना पटत नाही. "ज्याला काही झालंच नाही त्याचा फोटो कशाला?" त्यावर वर्गात भांडू द्या, घाईने उत्तर देऊ नका. पुढे तारीख नाही, गाव नाही, पिकाचं नावही नाही अशा नोंदी डेटाबेसमध्ये समोर येतील, तेव्हा आपल्या वहीची किंमत त्यांना आपोआप कळेल.

जाताना बूट घालायला सांगा, पावसाळ्यात बांधावर सापकिरडू असतं. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात शिरायचं नाही. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण रोगट पानं उघड्या पिशवीतून दुसऱ्या शेतात फिरवू नका, त्यांच्यावर माशी असू शकते.

आणखी एक तयारी लागेल. शेतकरी मुलांना हमखास विचारेल, "अब क्या डालूँ?" या प्रश्नाला मुलांनी उत्तर द्यायचं नाही, गूगलवर वाचलं असलं तरी नाही. झाडातला विषाणू मारणारं औषध नसतं. रोगट झाडं वेळीच उपटणं, माशी आटोक्यात ठेवणं आणि पुढच्या हंगामाला प्रतिकारक वाण निवडणं, एवढंच हातात असतं, आणि कोणतं कीटकनाशक किती वापरायचं हे जाणकारानेच सांगावं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि तो द्या. सोळा वर्षांच्या मुलाने आत्मविश्वासाने दिलेला चुकीचा सल्ला शेतकऱ्याला महागात पडतो, आणि त्यानंतर ते शेत तुमच्या शाळेला कायमचं बंद.

आता माझ्या आवडीचा भाग. विषाणू छापून काढा.

मध्य आणि उत्तर भारतात सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकमागे मुख्यतः मुंगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस असतो. त्याचा जवळचा भाऊबंद, नावात 'इंडिया' नसलेला मुंगबीन यलो मोझॅक व्हायरस, दक्षिणेकडे जास्त आढळतो. दोघेही बेगोमोव्हायरस या गटातले. यांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण आनुवंशिक मजकूर, डीएनएच्या दोन कड्यांत असतो, डीएनए-ए आणि डीएनए-बी, आणि प्रत्येक कड्यात जेमतेम २,७०० अक्षरं (डीएनएचे चार घटक ए, टी, जी, सी, तीच ही अक्षरं). अमेरिकेतल्या एनसीबीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर जेनबँक नावाचा डेटाबेस आहे. तो सगळ्यांना मोफत असतो, खातंही उघडावं लागत नाही. तिथे 'न्यूक्लिओटाइड' विभागात विषाणूचं पूर्ण नाव टाकून डीएनए-एची पूर्ण नोंद उघडा आणि फास्टा स्वरूपात उतरवून घ्या. फास्टा म्हणजे साधी मजकुराची फाइल. पहिल्या ओळीत नाव, खाली ए, टी, जी, सी. छापली तर एका कागदाच्या दोन बाजूंत सगळा डीएनए-ए मावतो. एकराच्या एकर पिवळं करणारी गोष्ट पाठपोट एका कागदावर, हे मुलांच्या हातात पडू द्या.

मग मोठ्या टाइपात पट्ट्या छापा, कापा, एकापुढे एक चिकटवा. एका अक्षराला अर्धा सेंटिमीटर धरला तर साडेतेरा मीटरची पट्टी होते, प्रयोगशाळेच्या भिंतींवर फिरवता येईल एवढी. सोयाबीनचा स्वतःचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला, तो सुमारे १.१ अब्ज अक्षरांचा. त्याच मापाने त्याची पट्टी किती लांब होईल हे गणित फळ्यावर करायला लावा. ५,५०० किलोमीटर येतं. नववीच्या भूगोलात भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर दिलेली असते. कुणी ना कुणी ती आठवेल.

पट्टीची दोन्ही टोकं मात्र लगेच जोडू नका. त्याआधी एक शोध लावायला द्या. या गटातल्या विषाणूंमध्ये नऊ अक्षरांचा एक तुकडा हमखास असतो: टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी. आपली प्रत काढायला सुरुवात करताना विषाणूचं स्वतःचं एक प्रथिन याच तुकड्यात कडं कापतं. मुलांना सांगा, फाइलमध्ये हा तुकडा शोधा. ती कॉम्प्युटरवर शोधतील आणि बहुतेक वेळा तो सापडणारच नाही. डोळे फाडून कागदावर शोधतील, तिथेही नाही. "मॅडम, तुमचं चुकलंय" इथपर्यंत गाडी आली की पट्टीची टोकं एकत्र आणायला सांगा. बऱ्याचशा पूर्ण नोंदींमध्ये अक्षरं मोजायला सुरुवात करतात तीच त्या कापाच्या जागेपासून. त्यामुळे तुकड्याची शेवटची दोन अक्षरं, ए आणि सी, फाइलच्या आरंभाला आणि पहिली सात अगदी शेवटाला गेलेली असतात. कडं जोडलं की तुकडा समोर.

हा खेळ मी इतका लांबवून सांगतेय त्याला कारण आहे. फाइल सरळ असते आणि रेणू गोल. कॉम्प्युटरला फक्त फाइल दिसते. हे एकदा हाताने कळलं की ते मूल पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरचं उत्तर डोळे मिटून घेणार नाही. अकरावीच्या मुलांसाठी वरकड काम: नऊ अक्षरांचा ठरावीक तुकडा योगायोगाने सापडण्याची शक्यता किती? चाराचा नववा घात २,६२,१४४. पट्टीत जागा २,७०० च्या आसपास. म्हणजे साधारण शंभरात एक. संभाव्यता शिकवायला याहून जिवंत उदाहरण गणिताच्या सरांकडेही नसेल.

यानंतर ब्लास्ट. तुमच्या हातातला सीक्वेन्स जगभरातल्या नोंदींशी ताडून बघणारं हे साधन १९९० पासून आहे आणि अजून रोज वापरलं जातं. ते असं शिकवा: पाकिटं करा. प्रत्येक गटाला नाव पुसलेली एक फास्टा फाइल. एका पाकिटात विषाणूच्या बाह्य आवरणाच्या प्रथिनाचं पूर्ण जनुक. दुसऱ्यात त्याच जनुकाचा फक्त पन्नास-साठ अक्षरांचा तुकडा. तिसऱ्यात चक्क सोयाबीनचं स्वतःचं एखादं जनुक, कारण खऱ्या पानातून डीएनए काढला तर त्यात बहुतेक सगळा झाडाचाच असतो. आणि चौथ्यात तुम्ही स्वतः कीबोर्डवर बडवलेली ए-टी-जी-सीची खिचडी.

उत्तरं आली की गटांनी एकमेकांसमोर मांडायची. तीन आकडे वाचायला शिकवा, बाकीचे राहू द्या. आपल्या सीक्वेन्सचा किती भाग जुळला, जुळलेल्या भागात किती टक्के अक्षरं सारखी आहेत, आणि तिसरा ई-व्हॅल्यू, म्हणजे एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळाली असती. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. दुसऱ्या गटाला शंभर टक्के जुळणी मिळेल आणि तो मिरवेल. पहिल्या गटालाही मूळ नोंदीशी शंभर टक्के मिळतील, पण बाकीच्या नोंदींशी कदाचित अठ्ठ्याण्णवच. कुणाच्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवायचा? तास संपेपर्यंत हेच चालू द्या. चौथ्या गटाला ब्लास्ट सांगेल की लक्षणीय साम्य काही नाही, आणि ती मुलं हिरमुसतील. त्यांना सांगा की असं एक पाकीट प्रत्येक प्रयोगात लागतंच. काहीही टाकलं तरी 'सापडलं' म्हणणारं यंत्र काय कामाचं?

नेट लहरी असण्याचा बाऊ करू नका. ज्या दिवशी नेट असेल त्या दिवशी फाइली उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. मेगा नावाचं मोफत सॉफ्टवेअर एकदा टाकलं की सीक्वेन्स ओळीला ओळ लावून जुळवणं आणि त्यांची वंशावळ काढणं दोन्ही नेटशिवाय होतं. आठ कॉम्प्युटर म्हणजे आठ गट. प्रत्येकाला एक कॉम्प्युटर मिळाला असता तर मुलं एकमेकांशी बोललीच नसती.

आता खरा प्रश्न, ज्यावर पावसाळ्यानंतरचे महिने जावेत. जेनबँकेतून या दोन विषाणूंच्या डीएनए-एच्या पंचवीसेक पूर्ण नोंदी निवडा: सोयाबीनवरच्या, मुगावरच्या, उडदावरच्या, वेगवेगळ्या राज्यांतल्या. सोबत एक लांबचा नातेवाईक हवा, उदाहरणार्थ टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस, म्हणजे वंशावळीला बुंधा मिळतो. सगळ्या नोंदी ओळीला ओळ लावून जुळवा, वंशावळीचं झाड काढा आणि विचारा: फांद्या पिकाप्रमाणे एकत्र येतात की प्रदेशाप्रमाणे? मुगावरचा विषाणू मुगावरच्याच जवळ आहे, की शेजारच्या सोयाबीनवरच्या? उत्तर मी इथे देत नाही. मुलांनी आधी अंदाज वहीत लिहावा, सही करावी आणि मग झाड बघावं.

झाड दिसलं की अर्थ लावायची घाई होते, तिथे तुमची गरज आहे. बेगोमोव्हायरसची जात ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक रेघ आखली आहे. पूर्ण डीएनए-ए ९१ टक्क्यांहून कमी जुळला तर जात वेगळी. मुलं हा आकडा ऐकतील आणि मिळेल त्या तुकड्याला लावतील. पण आवरणाच्या प्रथिनाचं जनुक या गटात सगळ्यात कमी बदलणारं. फक्त तेवढंच ताडलं तर दोन वेगळे विषाणूही प्रत्यक्षापेक्षा जवळचे वाटतात. शिवाय हे विषाणू एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे एका जनुकाची वंशावळ दुसऱ्या जनुकाच्या वंशावळीशी जुळेलच असं नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट: नोंदी तिथल्याच असतात जिथे कुणीतरी नमुने घेतले आणि सीक्वेन्स केले. तुम्ही निवडलेल्या पंचवीसांत माळव्यातली एकही नसेल, तर ते झाड माळव्याबद्दल मुकं आहे. निष्कर्षाच्या पानावर 'यावरून काय सांगता येत नाही' असा अर्धा कागद राखून ठेवा. परीक्षक म्हणून मी तोच अर्धा कागद आधी वाचला असता.

इथेच तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर आहे. सांवेरच्या त्या पानात नेमका कोणता विषाणू होता हे तुमची मुलं शाळेत बसून सांगू शकणार नाहीत. त्यासाठी पानातून डीएनए काढावा लागतो, पीसीआर (हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं) करावं लागतं, सीक्वेन्सिंग (त्यातली अक्षरं वाचणं) करावं लागतं. केळ्यातून भांड्याचा साबण, मीठ आणि थंड स्पिरिट वापरून डीएनएचे धागे काढायचा प्रयोग जरूर करा, मुलांना मजा येते, पण त्यातून विषाणू कळत नाही. 'आमच्या शाळेने सोयाबीनच्या रोगाचा जीनोम शोधला' असा फलक लागला तर ते नाटक. 'उपलब्ध नोंदींवरून आम्ही हा प्रश्न विचारला, हे उत्तर मिळालं, आणि आमच्या शेतातल्या नोंदी या' हे लहानसं, पण खरं संशोधन. मुख्याध्यापकांना पहिला फलक जास्त आवडेल. तेवढं तुम्हाला सांभाळून घ्यावं लागेल.

अ‍ॅपवाल्या मुलाला नाही म्हणू नका, पण त्याला एक गोष्ट वाचायला द्या. 'प्लांटव्हिलेज' नावाचा पानांच्या फोटोंचा एक मोठा खुला संग्रह आहे. त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या कॉम्प्युटरने त्याच संग्रहातल्या, आधी न दाखवलेल्या फोटोंवर ९९ टक्क्यांहून जास्त अचूक उत्तरं दिली, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. कारण संग्रहातली पानं साध्या पार्श्वभूमीवर एकेक ठेवून काढलेली आणि शेतातलं पान चिखलात, सावलीत, दुसऱ्या पानाखाली. तुमच्या मुलांनी सांवेरला काढलेले फोटो, निरोगी झाडांसकट, इथे कामाला येतात: एखादं तयार अ‍ॅप घेऊन ते या फोटोंवर किती वेळा चुकतं ते मोजा. नवं अ‍ॅप बनवण्यापेक्षा हा प्रकल्प मला जास्त आवडेल. फक्त याला बायोइन्फर्मेटिक्स म्हणू नका. हा फोटोंचा अभ्यास आहे, आपलं बाकीचं काम डीएनएचं.

पालकांना काय सांगायचं? नीटमध्ये दोन मार्क वाढतील असं आमिष दाखवू नका, मग ते दोन मार्क मोजायला बसतील. अकरावीत विषाणू आणि बारावीत जैवतंत्रज्ञान अभ्यासक्रमात आहेच, ते या मुलांना सोपं जाईल, एवढं खरं आहे आणि तेवढंच सांगा. गीता भवन ते भंवरकुआं कोचिंगच्या पाट्या लागलेल्या आपल्या गावात आठवड्याचा एक तास मागणं हेही धाडसच. शनिवारचा तास मागा आणि नववीपासून सुरू करा. अकरावीची मुलं येतील तितकी येवोत.

मुलांना एक गोष्ट मात्र नक्की ऐकवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हाच्या लोंब्या अचानक पांढऱ्या पडू लागल्या. सुमारे १५,००० हेक्टर पीक या रोगात सापडलं. आशियात असा प्रकार आधी दिसला नव्हता. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतातून रोगट नमुने गोळा केले, परदेशातल्या सहकाऱ्यांसोबत त्यांचे सीक्वेन्स काढले आणि शोधनिबंध छापून येण्याची वाट न बघता ते सगळ्यांसाठी खुले केले. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या जागी बसून ते जुन्या नोंदींशी ताडले. बुरशी निघाली दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या ब्लास्ट रोगाच्या (वरच्या ब्लास्ट साधनाशी याचा संबंध नाही, फक्त नाव सारखं) बुरशीची जवळची नातेवाईक. म्हणजे ती स्थानिक भातावरून गव्हावर आलेली नव्हती, बाहेरून आली होती. हे त्याच वर्षी कळलं. पुढे आपल्याकडे, सीमेलगतच्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच थांबवावी लागली. माळव्यातल्या मुलांना गहू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सीक्वेन्स ताडून बघण्याची जी पद्धत ती शनिवारी शिकतील, तिचाच हा मोठा अवतार.

इंदुरात असण्याचा फायदाही घ्या. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून आपल्या गावात, खंडवा रोडवर आहे. त्याच रस्त्यावर विद्यापीठाच्या परिसरात जैवतंत्रज्ञानाचा विभाग आहे, आणि पुढे सिमरोलला आयआयटी. गावाचा या कामाशी संबंध त्याहून जुना. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती तिथून, आणि त्यावरच्या लेखनात त्यांचे सहलेखक होते यशवंत वाड. रोग म्हणजे शेतीत काहीतरी बिघडल्याची खूण, असं हॉवर्ड मानत. सीक्वेन्समध्ये बुडालेल्या मुलांना अधूनमधून जमिनीकडेही बघायला लावायचं असेल तर हे नाव वर्गात घ्यायला हरकत नाही.

या संस्थांना 'आमच्या विद्यार्थ्यांना भेट द्यायची आहे' असं पत्र पाठवू नका. अशा पत्रावर एक तासाची फेरी, चहा आणि ग्रुप फोटो मिळतो. पेरणी जूनअखेर-जुलैत होईल. पट्टीचं काम, नऊ अक्षरांचा शोध आणि ब्लास्टची पाकिटं त्याआधी उरकून घ्या. ऑगस्टमध्ये पिवळी पानं दिसू लागली की शेताच्या दोन फेऱ्या करा आणि मग लिहा, एका पानात: कोणत्या गावात, कोणत्या वाणावर, पेरणीनंतर कितव्या दिवशी, किती झाडांवर काय दिसलं; पाणी साचणं आणि लोहाची कमतरता का वाटत नाही; माशी दिसली की नाही. सोबत सहा फोटो, त्यातले तीन निरोगी झाडांचे. शेतकऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचं नाव आणि शेताचा नेमका पत्ता लिहू नका, गावाचं नाव पुरे. आणि मागणी एकच करा: यातल्या दोन-तीन झाडांची तुमच्याकडे तपासणी होऊ शकेल का, आणि होत असेल तर पानं कशी तोडून, कशात ठेवून, किती तासांत पोचवायची. पत्र मुलांकडून लिहून घ्या, सही तुमची करा. सप्टेंबरमध्ये पीक पिकायला लागलं की पानं आपसूकच पिवळी होतात. त्यामुळे हे पत्र ऑगस्ट संपायच्या आतच गेलं पाहिजे.